अभ्यासिकेतले जुने लॅपटॉप आणि स्क्रीनबाहेर जाणाऱ्या विंडो: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याने दिलेले लॅपटॉप आज पंचवटीतल्या अभ्यासिकेत टेबलांवर लागले. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट बंद झाले, या मशिनांवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून त्यांनी भंगारात काढण्याआधी आम्हाला विचारलं. सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ टाकलं, त्यात माटे डेस्कटॉप, म्हणजे विंडो, मेनू, पॅनल दाखवणारा भाग. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जे लागतं ते व्यवस्थित चालतंय: ब्राउझर, पीडीएफ, लिबरऑफिस, मराठी टायपिंगचा सराव.

संध्याकाळपर्यंत वहीत एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली सापडली. "ओके बटण नाही." "सेव्ह कुठे आहे?" "विंडो खाली निघून गेली, वर येत नाही."

बटण आहे, स्क्रीनच्या खाली आहे. या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८. त्यातून खालचं पॅनल (टास्कबारसारखी पट्टी) आणि विंडोचा टायटल बार वजा केला की उंचीला साधारण ७१० पिक्सेल उरतात. एखादी सेटिंगची विंडो ८०० उंचीची उघडली की तिचा तळ, आणि नेमकी सगळी कामाची बटणं, टेबलाखाली गेल्यासारखी गायब.

५ नोव्हेंबर, बुधवार

नुसत्या तक्रारी ऐकून उपाय करायचा नाही, आधी मोजायचं असं ठरवलं. एक्सविनइन्फो नावाची छोटी आज्ञा आहे, ती चालवून विंडोवर क्लिक केलं की रुंदी, उंची आणि स्क्रीनवरची जागा सांगते. ज्या ज्या विंडोबद्दल ओरड होती त्या सगळ्या मोजल्या.

वरवर दुखणं एकच दिसतं, आत वेगवेगळं निघालं. काही विंडो फक्त उघडताना मोठ्या असतात. मागच्या वेळी कुणीतरी ताणून ठेवलेली असते, प्रोग्राम तीच मापं लक्षात ठेवतो. या लहान करता येतात, यांचं काही विशेष नाही. काही मात्र अमुक मापाच्या खाली जायलाच तयार नाहीत. तिसरा प्रकार सगळ्यात चमत्कारिक. विंडोचं माप ठीक आहे, पण ती उघडते भलतीकडेच. तो प्रकार काउंटरच्या मशिनवर आहे, त्यावर नंतर.

काउंटरची दुसरी तक्रार, फॉर्म न मावण्याची, आजच बघितली. सभासद नोंदणीचा जुना प्रोग्राम तिथे आहे, वर्गणी, अनामत, पावती सगळं त्यात. तो तयार झाला तेव्हा काउंटरवर १७ इंची चौकोनी मॉनिटर होता, १२८० बाय १०२४. त्याच्या मानाने फॉर्म काढलाय, उंची ९६० च्या आसपास, आणि "जतन करा" उजवीकडे अगदी खाली. मॉनिटर गेल्या वर्षी गेला. पडदे रुंद झाले खरे, पण उंचीला आखूड झाले, आणि कागदासारखा उभा फॉर्म काढणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना त्याचा फटका बसला.

आता तिथे नवा १४ इंची लॅपटॉप आहे, विंडोज ११, फुल एचडी. म्हणजे १०८० उंची आहे, मग अडतं कुठे? स्केलिंगमध्ये, म्हणजे सगळं मोठं करून दाखवण्याच्या प्रमाणात. विंडोजने स्वतःहून १५० टक्के ठेवलंय. १०८० भागिले दीड, म्हणजे जुन्या प्रोग्रामच्या हातात ७२० च येतात. स्केलिंग १०० टक्के केलं तर फॉर्म मावतो, पण अक्षरं मुंगीएवढी होतात आणि ग्रंथपाल मॅडमना दिवसभर त्याच स्क्रीनकडे बघायचंय. १२५ टक्क्यांवर ८६४ मिळतात, तेही कमीच. मॅडम म्हणाल्या, "अक्षर लहान करू नका, बाकी काय करायचं ते करा." बरोबर आहे. स्केलिंगला हात लावायचा नाही.

मॅडमची आत्तापर्यंतची युक्ती अशी: शेवटचा रकाना भरला की टॅब दाबायचं आणि न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारायचा. चालतं. पण टॅब एक जास्त दाबला गेला तर पुढचं बटण "नोंद काढून टाका" आहे. एंटर मारताना मॅडम श्वास रोखून धरतात हे मी डोळ्यांनी पाहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिंटवाल्या मशिनांवर ऑल्ट-एफ७. मुलांना दाखवलं.

ऑल्ट धरून एफ७ दाबलं की समोरची विंडो "हलवा" स्थितीत जाते. मग अ‍ॅरो की. वरचा अ‍ॅरो दाबत राहिलं की विंडो वर वर सरकत स्क्रीनच्या डोक्यावरून बाहेर जाते आणि तळाची बटणं दिसायला लागतात. एका दाबाला १० पिक्सेल. कंट्रोल धरून दाबलं तर एकेक पिक्सेल, शिफ्ट धरून दाबलं तर कडेपर्यंत उडी. जागेवर आली की एंटर. मन बदललं तर एस्केप, विंडो होती तिथे परत.

एका मुलीने चांगला प्रश्न विचारला. माउसने टायटल बार धरून वर ओढली तर विंडो वरच्या कडेला अडते, मग कीबोर्डने का नाही अडत? कारण तो अडसर मुद्दाम घातलेला आहे. टायटल बार धरून ओढताना तोच स्क्रीनबाहेर गेला तर परत धरणार कशाने, म्हणून माटेचा विंडो मॅनेजर, मार्को, तेवढी हालचाल रोखतो. कीबोर्डने हलवताना पकडायला टायटल बार लागतच नाही, त्यामुळे अडवण्याचं कारणही उरत नाही. ऑल्ट धरून विंडोच्या पोटात कुठेही माउसने पकडून ओढलं तरी हेच, मार्को तिला वर जाऊ देतो. म्हणजे टचपॅड धड असेल तर ऑल्ट आणि ओढणं सगळ्यात सोपं. आमच्या निम्म्या टचपॅडची डावी बाजू बधिर आहे, म्हणून एफ७.

एक अट. विंडो पूर्ण मोठी केलेली असेल तर ऑल्ट-एफ७ ला ती हलत नाही. आधी ऑल्ट-एफ५ ने मूळ मापावर आणायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

निम्मा दिवस एफएन बटणात गेला.

काही लॅपटॉपवर एफ७ दाबलं की आवाज नाहीतर उजेड कमीजास्त होतो. वरच्या ओळीला कारखान्यातूनच हीच कामं दिलेली, खरं एफ७ हवं तर एफएन धरायचं. म्हणजे एफएन, ऑल्ट, एफ७, तीन बटणं एकदम. ज्याला जमेल त्याला जमेल. काही मॉडेलवर एफएन-एस्केप दाबलं की कुलूप लागतं आणि वरची ओळ सरळ एफ-की होते. काहींना बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन अ‍ॅक्शन की मोड बंद करावा लागला. ते झालं.

राहिले दोन-तीन, ज्यांच्या बायोसला कारखान्याच्या आयटीवाल्यांनी पासवर्ड घालून ठेवलाय आणि तो आता कुणालाच आठवत नाही. तिथे माटेच्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन "विंडो हलवा" या कामाला सुपर-बॅकस्पेस दिलं (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण). अक्षराचं बटण मुद्दाम टाळलं. आमची मुलं सतत मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी अशी उड्या मारतात. शॉर्टकट अक्षरावर टांगला की मांडणी बदलल्यावर तो लागेल का नाही याची खात्री राहत नाही. बॅकस्पेस आणि एफ-की कुठल्याही भाषेत त्याच राहतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑल्ट-एफ८, विंडो लहान करण्यासाठी. हे समजावणं एफ७ पेक्षा अवघड जातं. ऑल्ट-एफ८ दाबल्यावर पहिला अ‍ॅरो माप बदलत नाही, तो फक्त कड निवडतो. खाली दाबलं की खालची कड पकडली जाते, माउसचा बाण तिथे उडी मारतो. त्यानंतर वरचा अ‍ॅरो दाबला की ती कड वर येते. मुलं पहिल्यांदा थेट वरचा अ‍ॅरो दाबतात, मग वरचीच कड पकडली जाते आणि विंडो लहान होण्याऐवजी वर वाढत जाते. "आधी कुठली कड ते सांग, मग कुठे न्यायची ते सांग", हे वाक्य चालून गेलं.

खालची कड स्क्रीनबाहेर असली तरी हे चालतं, म्हणून तर त्याचा उपयोग.

आणि काही विंडो ऐकतच नाहीत. छपाईच्या सेटिंगची एक विंडो ८२० च्या खाली येईना. एक्सप्रॉप या आज्ञेने विचारलं तर त्या विंडोने स्वतःच किमान उंची जाहीर केलेली दिसली. विंडो मॅनेजर तेवढा मान राखतो, त्याखाली नेत नाही. हा आकडा बहुतेक वेळा कुणी बसून ठरवलेला नसतो. आतल्या ओळी, बटणं, रकाने यांच्या उंचीची बेरीज करून टूलकिटच, म्हणजे विंडोतली बटणं-रकाने मांडणारा तयार कोडच, तो काढतं.

त्यावरून एक शंका आली, ती उद्या तपासतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शंका खरी निघाली. तीच विंडो इंग्रजी भाषेत लॉगिन करून उघडली तर बरीच बुटकी. मराठीत उंच.

दोन कारणं दिसली. एक तर अक्षरांची ठेवण. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं, यांना जागा लागते, आणि ओळीत मराठीसोबत इंग्रजी अक्षरं आली की दोन्ही फाँटपैकी ज्याची उंची जास्त ती ओळीला मिळते. प्रत्येक ओळीमागे दोन-चार पिक्सेल, आणि विंडोत ओळी वीस-पंचवीस. दुसरं कारण मजकुराची लांबी. इंग्रजीत एका ओळीत बसणारं लेबल मराठीत दुसऱ्या ओळीवर जातं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या मोठ्या मॉनिटरवर, इंग्रजीत बघून "बसतंय" म्हटलेलं असतं. लहान स्क्रीन आणि मराठी हे दोन्ही एकत्र त्याच्यासमोर कधी आलेलंच नसतं.

अभ्यासिकेच्या बैठकीत एका सदस्यांनी लगेच तोडगा काढला: सगळ्या मशिनी इंग्रजीत करा. मी नको म्हटलं. ही मुलं राज्यसेवेपासून तलाठी भरतीपर्यंतचा अभ्यास मराठीतून करतात, टायपिंगची परीक्षा मराठीची देतात, आणि आपण सेटिंगच्या चार विंडोंसाठी सगळं मशिन इंग्रजी करायचं? फाँट ११ वरून १० केला, पॅनलची उंची थोडी उतरवली. छपाईची ती विंडो अजून बाहेर जाते, पण आता फक्त कडेचा काठ. तिला ऑल्ट-एफ७ पुरतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज व्याख्यान होतं, हॉलमध्ये प्रोजेक्टर. त्यानंतरच काउंटरवर तो तिसरा प्रकार होतो, भलतीकडे उघडणाऱ्या विंडोचा, म्हणून मुद्दाम थांबलो.

प्रोजेक्टर बंद झाला, पण केबल लॅपटॉपला तशीच. लॅपटॉपच्या हिशोबात दुसरी स्क्रीन अजून आहे. सभासदांचा प्रोग्राम व्याख्यानाच्या वेळी तिकडे सरकवलेला होता, पुन्हा उघडला तर तिकडेच उघडला. खालच्या टास्कबारवर दिसतोय, क्लिक केलं तर काहीच येत नाही. मॅडमना वाटतं मशिन हँग झालं, मग बटण दाबून बंद करतात.

विंडोजमध्ये याला एक झकास शॉर्टकट आहे. विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा अ‍ॅरो. समोरची विंडो सरळ दुसऱ्या स्क्रीनवरून या स्क्रीनवर येते. त्याआधी टास्कबारवर तिला एकदा क्लिक करायचं, म्हणजे तीच "समोरची" ठरते. कायमचा इलाज म्हणजे विंडोज-पी दाबून "फक्त पीसी स्क्रीन" निवडायचं, दुसरी स्क्रीनच बंद. मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं, वर म्हणाल्या की केबल काढणं जास्त सोपं. तेही आहेच, पण केबल स्टेजमागून गेली आहे आणि तिथे खुर्च्या रचलेल्या असतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फॉर्मचं "जतन करा" बटण अजून बाकी होतं. ऑल्ट-स्पेस.

विंडोजमध्ये ऑल्ट धरून स्पेस दाबलं की विंडोच्या डाव्या कोपऱ्यातला मेनू उघडतो: पूर्ववत, हलवा, आकार, लहान, मोठी, बंद. त्यातलं "हलवा" निवडायचं, मग अ‍ॅरो. एकदा अ‍ॅरो दाबला की विंडो माउसलाही चिकटते, मग माउस नुसता सरकवला, न दाबता, तरी ती येते. एंटरने सुटते. या फॉर्मचा "आकार" पर्याय फिका आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने माप पक्कं करून ठेवलंय. लहान करण्याचा प्रश्नच नाही, वर सरकवणं एवढंच हातात.

मॅडमनी आज पावत्या अशाच केल्या. सकाळी एकदा फॉर्म वर सरकवायचा, दिवसभर तसाच ठेवायचा. वरचं संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह स्क्रीनबाहेर जातं, त्याचं कुणाला काही नाही. एंटर आता डोळ्यांनी बघून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एक पाऊल पुढे जाऊन स्वयंचलित करून टाकावं असं वाटत होतं. डब्ल्यूएमसीटीआरएल नावाचं साधन आहे, त्याने विंडोला आज्ञा देता येते: अमुक जागी जा, अमुक मापाची हो. त्यावर छोटी स्क्रिप्ट लिहिली. समोरची विंडो मोठी केलेली असेल तर ती स्थिती काढायची (ती न काढता माप दिलं तर परिणाम होत नाही), मग पॅनल सोडून उरलेली जागा विचारायची, त्यातून टायटल बारची उंची वजा करायची आणि विंडो तेवढ्यात बसवायची. टायटल बार वजा करायला लागतो कारण दिलेलं माप विंडोच्या आतल्या भागाला लागू होतं, चौकटीसकट नाही.

सुपर-एफ१२ ला जोडलं. ज्या विंडो ऐकतात त्या एका दाबात बसतात, बघायला मजा येते. ज्या किमान मापावर अडून बसतात त्या इथेही अडतात, कारण ही आज्ञाही शेवटी त्याच विंडो मॅनेजरमार्फत जाते. म्हणजे जी विंडो खरंच त्रास देते तिच्यापुढे स्क्रिप्टही हतबल. आणि हे साधन एक्स११ वर चालतं, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर. माटे अजून त्यावरच आहे म्हणून ठीक. उद्या डेस्कटॉप वेलँड या नव्या व्यवस्थेवर गेला की ही स्क्रिप्ट निकामी.

प्रत्येक प्रोग्रामसाठी नियम लिहिणारी साधनंही आहेत, डेव्हिलस्पाय वगैरे. विंडो उघडली की नियमाप्रमाणे तिला जागेवर बसवतात. इथे थांबलो. नियम मी लिहिणार, मी नसलो की ते कोण बघणार? प्रोग्रामने विंडोचं नाव बदललं की नियम लटकतो. त्यातून मोठी गोष्ट म्हणजे मुलं फक्त याच खोलीत संगणक वापरत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मग मुलांना शिकवायचं काय, यावर चहाच्या टपरीवर दुसऱ्या स्वयंसेवकाशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं एफ७ आणि एफ८. दोन बटणं, पाठ करायला सोपी, बहुतेक लॅपटॉपवर आता चालतात. खोटं नाही.

माझं म्हणणं ऑल्ट-स्पेस. ही पोरं फॉर्म भरायला शालिमारच्या सायबर कॅफेत जातात, परीक्षेला कुठल्या तरी कॉलेजच्या लॅबमध्ये बसतात, घरी मोठ्या भावाचा लॅपटॉप असतो. सगळीकडे विंडोज. तिथे ऑल्ट-एफ७ दाबून काहीच होणार नाही. ऑल्ट-स्पेस विंडोजमध्येही मेनू उघडतं आणि आपल्या माटेतही. दोन्हीकडे त्यात "हलवा" असतं, दोन्हीकडे त्यानंतर अ‍ॅरो की चालतात. एक बटण जास्त दाबावं लागतं, पण या खोलीबाहेरही ते कामाला येतं.

अट एकच. मेनू उघडल्यावर अक्षर दाबून पर्याय निवडायची सवय लावायची नाही. इंग्रजी विंडोजमध्ये एम दाबून "मूव्ह" येतं, पण मेनू मराठीत असला की खुणेचं अक्षर बदलू शकतं, कीबोर्ड मराठीवर असला की वेगळाच घोटाळा. त्यापेक्षा खालच्या अ‍ॅरोने "हलवा" पर्यंत जायचं आणि एंटर. मेनू दिसतोय, वाचता येतोय, पाठ काही करायचं नाही. "हलवा" फिकं दिसलं तर विंडो पूर्ण मोठी आहे असं समजायचं आणि आधी "पूर्ववत" घ्यायचं.

शेवटी असं ठरलं: मुलांना ऑल्ट-स्पेस, आणि ज्यांना वेग हवा त्यांना एफ७ आणि एफ८ वेगळं. स्क्रिप्ट फक्त माझ्या आणि त्याच्या लॉगिनवर. मिसळीचे पैसे त्याने दिले, म्हणजे पटलं असावं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्याच्या खोक्यात तळाला दोन जुने नेटबुक निघाले. दहा इंची, १०२४ बाय ६००. एकाचा प्रोसेसर ३२ बिटचा, त्यावर मिंट २२ बसतच नाही, ते फक्त ६४ बिटसाठी. डेबियन १३ चाही ३२ बिटचा इन्स्टॉलर आता मिळत नाही, म्हणून डेबियन १२ टाकलं, माटेसकट. रडतखडत चालतं. पुस्तकांची यादी शोधायला एवढं पुरेल.

पण ६०० उंची म्हणजे इथे प्रत्येक दुसरी विंडो बाहेर. दर वेळी ऑल्ट-स्पेस कोण करत बसणार. इथे स्क्रीनलाच फसवायचं ठरवलं. स्क्रीनची मापं बदलणारी एक्सआरँडआर नावाची आज्ञा आहे, तिच्यात दोन मार्ग मिळतात. एक, स्केल. १.२८ पट दिलं की ६०० चे ७६८ होतात, सगळं मावतं, पण प्रत्येक अक्षर धुरकट. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार ओळखू येईनात. रद्द. दोन, पॅनिंग. स्क्रीन १०२४ बाय ७६८ ची आहे असं डेस्कटॉपला सांगायचं, खऱ्या काचेवर त्यातला ६०० उंचीचा तुकडा दिसतो, आणि माउस खालच्या कडेला नेला की तो तुकडा खाली सरकतो. अक्षरं जशीच्या तशी धारदार.

पॅनिंग ठेवलं. लॉगिन झाल्यावर आपोआप लागेल असं केलंय. त्यातली खोट अशी की सरकणं माउसवर अवलंबून आहे. कीबोर्डने टॅब करत खालच्या रकान्यात गेलं तर स्क्रीन मागोमाग येत नाही, माउस हलवावाच लागतो. नेटबुकांना म्हणून वेगळा माउस दिला. रविवार कारंजाजवळच्या दुकानातून, पावती फाइलला लावली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी मुलांचा वर्ग घेतला. थंडी कडक, सगळे मफलरमध्ये, बोटं आखडलेली, आणि मी त्यांना तीन-तीन बटणं एकदम दाबायला सांगतोय.

आधीच प्रत्येक लॅपटॉपवर एक विंडो स्क्रीनच्या वर ढकलून ठेवली होती, टायटल बार दिसणार नाही अशी. "ही खाली आणा, माउस न वापरता." पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच: मशिन रीस्टार्ट. ते बंद केलं. मग ऑल्ट-स्पेस सांगितलं. मेनू विंडोच्या कोपऱ्यातून उघडतो, पण कोपरा बाहेर असला तरी मेनू स्वतः स्क्रीनच्या आतच येतो, हे त्यांनाच दिसलं आणि त्यांनाच नवल वाटलं.

त्यानंतर उलट खेळ सुरू झाला. एकाने शेजाऱ्याची विंडो पार उजवीकडे पळवून ठेवायची, त्याने शोधून आणायची. शिकवण्यापेक्षा यातच जास्त शिकले. नाशिकरोडहून सिटीलिंक बसने येणारा एक मुलगा शांतपणे प्रत्येकाची विंडो परत आणून देत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, बाबांच्या दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावर असंच होतं, तिथे आजच जाऊन करतो.

न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारायचा नाही, हे मात्र दोनदा सांगितलं. विंडो पूर्ण दिसत नसेल तर एस्केप दाबून बाहेर पडायचं, हलवायची, मग ओके.

२ डिसेंबर, मंगळवार

टेबलांवर चिकटवायचा कागद तयार झाला. पहिल्या मसुद्यात आम्ही सगळंच कोंबलं होतं, तो कुणी वाचला नसता. आता त्यावर एवढंच: "बटण दिसत नाही? ऑल्ट आणि स्पेस. खालच्या अ‍ॅरोने 'हलवा'. एंटर. मग अ‍ॅरो. झालं की एंटर, नको असेल तर एस्केप." त्याखाली बारीक अक्षरात एफ७, एफ८ आणि ऑल्ट धरून ओढणं. लॅमिनेट करून घेतला, कारण इथे कीबोर्डवर चिवडा खायची पद्धत आहे आणि तेलाचा डाग एका दिवसात पडतो.

काउंटरसाठी वेगळा कागद, त्यावर विंडोज-शिफ्ट-अ‍ॅरो आणि विंडोज-पी ठळक.

९ डिसेंबर, मंगळवार

वहीत आठवडाभर "ओके नाही" ची नोंद आलेली नाही. प्रिंटरच्या आहेत, त्या दुसऱ्या कामात.

एक नवी मात्र आली: चित्रांच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट धरून काम करायला गेलं की विंडोच हलते. बरोबरच आहे, माटेने ऑल्ट आधी पकडलेला असतो, खालच्या प्रोग्रामपर्यंत तो पोचतच नाही. त्या एका मशिनवर विंडोच्या सेटिंगमध्ये हलवण्याची की ऑल्टऐवजी सुपर केली. बाकीच्यांना हात लावलेला नाही, तिथे कुणी चित्रं करत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जानेवारीपासून ही मशिनं दुसरा स्वयंसेवक बघणार, त्याच्यासाठी हे इथे.

बायोसला पासवर्ड असलेल्या मशिनांच्या झाकणावर लाल ठिपका आहे, तिथे एफ७ ऐवजी सुपर-बॅकस्पेस. मिंटची मोठी आवृत्ती टाकली तर शॉर्टकट पुन्हा तपासायचे, आणि टाकण्याआधी माटे अजून एक्स११ वर आहे का ते बघायचं, नाहीतर विंडो बसवणारी स्क्रिप्ट काढून टाकायची. नेटबुकच्या पॅनिंगची ओळ लॉगिनच्या स्टार्टअप यादीत आहे, डेबियन बदललं तर ती परत घालावी लागेल. सभासदांच्या प्रोग्रामचा फॉर्म नव्याने काढून घ्यायचा का, हे समितीपुढे ठेवलंय. माझं मत काढून घ्यावा, आणि "जतन करा" वर आणावं, "नोंद काढून टाका" पासून लांब. कोटेशन मागवलं आहे, आल्यावर मॅडमकडे द्यायचं.